माझ्या नावाचा डबा

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. आमच्या गावात कुणाला ताप आला की बायका ताईत आणायला धावायच्या. माझी आई पेज करून पाजायची. मी तिच्याच वळणाची. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण खरं काय नि खोटं काय एवढं कळतं. म्हणून तर राग येतो. जे घडलं त्याची भीती मला तेव्हा वाटली नाही, आजही वाटत नाही. राग आहे तो घरातल्या माणसांचा. हे कुणाला पाठवायला लिहीत नाही. फोनवर लोकांचे असले अनुभव वाचते, तसं आपलंही लिहून ठेवावं म्हटलं... बोलायला गेले की माझा आवाज बसतो.

आम्ही रत्नागिरीकडचे. आमचे हे फुजैराच्या बंदरात तीस वर्षं नोकरीला. ती सगळी वर्षं मी दोन खोल्यांत काढली, खिडकीसमोर दुसऱ्या बिल्डिंगची भिंत. हे रिटायर झाले तेव्हा मुलगा इरफान म्हणाला, "दुबईला या, इंटरनॅशनल सिटीत, आमच्याजवळ." पण ह्यांच्या ओळखीच्या एका अरबाची मसाफीच्या रस्त्याला, आतल्या बाजूला, खजुराची बाग आहे. बागेच्या पाण्याची मोटर बघायची, या बोलीवर त्याने तिथलं जुनं घर स्वस्तात दिलं. मला अंगण मिळालं! शेवगा लावला, कढीपत्ता लावला, कोंबड्या आणल्या. समोर डोंगर. या देशात पहिल्यांदा मी अनवाणी मातीत उभी राहिले.

अंगणाला एका बाजूने उंच भिंत, पलीकडे दुसरं घर. एकदा दुपारी मी सुकट भाजत होते, तर पलीकडे कुणी बाई खोकली आणि मग हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं — वास गेला असणार. थोड्या वेळाने भिंतीवर एक हात आला. बोटांची टोकं मेंदीने काळपट झालेली. हाताने निळ्या फुलांचा वाडगा ठेवला. "यल्ला, खुदी!" घे म्हणाली. वाडग्यात गोड शेवया, वर अंड्याची पोळी.

भांडं रिकामं परत द्यायचं नाही, ही आमची रीत. मी त्यात कोलंबीचं कालवण घातलं, वर तांदळाची भाकरी झाकली, वाडगा भिंतीवर ठेवला. तिचीही तीच रीत असावी. मग ते थांबेचना. तिच्याकडून कधी खजूर, कधी गहू-मटणाचं दाट हरीस. माझ्याकडून सांदणं, शेवग्याच्या शेंगांची आमटी. भिंत माझ्या डोक्याहून उंच. मी तिचं तोंड कधी पाहिलं नाही, तिच्या फाटकाशी गेले नाही, नाव विचारलं नाही. मी आहेच तशी, भिडस्त. ती काहीबाही बोलायची, मी "शुक्रन, शुक्रन" करायचे, ती हसायची.

आणि ते खायचं कोण? हे! बोटं चाटून.

"तुझ्या अरबणीला सांग, वेलची जरा जास्त घाल."

"तुम्हीच सांगा. तुम्हाला अरबी येतं."

"बायकांच्यात मी कशाला?"

उन्हाळा गेला, थंडी आली. जानेवारीतल्या एका रविवारी इरफान बायको-मुलीला घेऊन आला होता आणि त्याच वेळी बागमालकही आला. ह्यांनी मोठ्या कौतुकाने त्याला सांगितलं, "शेजारची बाई फार चांगली, हबीबी. सारखं काहीतरी पाठवते."

मालक म्हणाला, "कुठली बाई? ते घर माझ्या चुलतभावाचं. त्याची आई कोरोनाच्या आधीच गेली. तेव्हापासून कुलूप आहे."

हे घरात आले ते लाल होऊन. "चारचौघांत माझं हसं केलंस! कोण देतं हे खाणं?"

"ती देते."

"ती मेली आहे, जैतून!"

मग सगळ्यांनी मिळून निकाल लावला. मीच रांधते, मीच भिंतीवर ठेवते, मीच उतरवून आणते. आणि वाडगा? "आणला असशील दुकानातून." मी! जिला ह्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा कधी एकटीला पाठवलं नाही!

इरफान हळू आवाजात बोलायला लागला, आजाऱ्याशी बोलतात तसा. "अम्मी, एकटं राहिलं की होतं असं. इट्स कॉमन. डॉक्टरला दाखवू. अब्बा, हे घर सोडा, या महिन्यातच आमच्याकडे या." नात तेवढी म्हणाली, "दादी, वॉज शी अ घोस्ट? सो कूल!" त्या दिवशी माझ्याशी नीट बोललेली तीच एक.

म्हणजे माझं अंगण जाणार... आणि जाणार तेही मला वेडी ठरवून.

तेव्हा मला डबा आठवला. गेल्या खेपेला ह्यांचं वाडगा चाटणं संपेना, म्हणून मी सांदणं माझ्या डब्यातून दिली होती. डबा पलीकडेच राहिला होता. आमच्या घरातल्या यच्चयावत भांड्यांवर ह्यांचं नाव कोरलेलं. त्या एका स्टीलच्या डब्यावर माझं. लग्नात आईने मुद्दाम घालून घेतलेलं.

मी ओढणी सावरली आणि बाहेर, परक्या पुरुषापुढे जाऊन उभी राहिले. "वो घर खोलो. मेरा डब्बा अंदर है." आवाज बसला नाही. हे म्हणाले, "आत जा." मी गेले नाही.

मालकाने चुलतभावाला फोन केला. तो खोरफक्कानहून दुपारीच आला. कुलूप इतकं गंजलेलं की किल्ली फिरेना, तोडावं लागलं. आत जमिनीवर वाळूचा थर, त्यावर पावलाची एक खूण नाही. स्वयंपाकघराच्या फळीवर सगळी भांडी धुळीने माखलेली आणि मधोमध माझा डबा... लख्ख. इरफानने पुढे होऊन नाव वाचलं. "जैतून."

चुलतभावाने झाकण काढलं. आत ओले खजूर, अर्धे पिवळे, अर्धे तपकिरी, उन्हाळ्यात झाडावरून उतरवतात तसे. बाहेर एकाही झाडाला फळ नव्हतं. त्याने एक खाल्ला आणि आमच्याकडे पाठ करून बाहीने डोळे पुसले. मग ह्यांना अरबीत काही विचारलं.

हे माझ्याकडे वळले. "तू... काय काय देत होतीस, विचारतोय."

"भाकरी. कोलंबी."

ते ऐकून तो रडतारडता हसला. त्याची आई म्हणे स्वतःशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातची कोलंबी खात नसे.

बाहेर येताना हे पुटपुटले, "आता तो म्हणतोय म्हणजे असेल काहीतरी."

तो म्हणतोय म्हणजे! त्याच्या एका वाक्याला किंमत. मी इतके महिने सांगत होते त्याला नाही, ह्यांच्याच पोटात गेलेल्या शेवयांना नाही!

घर सोडायचं नाव आता कुणी काढत नाही. इरफान फोनवर "सॉरी अम्मी" म्हणाला. मी बरं म्हटलं. राग काही गेला नाही.

गंजलेल्या कुलपामागे डबा कसा पोचला, थंडीत ओले खजूर कुठून आले, हे मला अजून कळलेलं नाही. मालकाला नाही, तिच्या मुलालाही नाही. त्याने वाडगा मला ठेवून घ्यायला सांगितलं, पण तो माझा कसा? डबा भरून परत आला होता, पाळी माझी होती. मी वाडग्यात सांदणं घालून भिंतीवर ठेवली. ती चिमण्यांनी खाल्ली. रोज काहीतरी ठेवते, पण पलीकडून हात येत नाही. न विचारता इतके पुरुष तिच्या स्वयंपाकघरात शिरले. माझ्या घरात असे शिरले असते तर मीही अबोला धरला असता.

संध्याकाळी हे अंगणात घुटमळतात. "आज काही आलं का गं?"

"विचारा की भिंतीपलीकडे," मी म्हणते. "तुम्हाला अरबी येतं."

हे भिंतीकडे बघतात आणि आत जातात.