हळदीला उघडं अंग
ओल्या हळदीचा वास आला की मला माझ्या लग्नाची आदली संध्याकाळ आठवते. शेणवे गावात आमच्या अंगणात बेंजो वाजत होता आणि मी आयुष्यात पहिल्यांदाच चारचौघांत उघड्या अंगाने बसलो होतो. शाळेत असल्यापासून माझी छाती बाईसारखी वाढली होती, म्हणून मी नदीतही शर्ट घालूनच पोहायचो. मुरबाडची मुलगी पसंत पडल्यावर मात्र हिंमत करून कल्याणला डॉक्टरांकडे गेलो. "पुष्कळ पुरुषांना असतं हे," म्हणत त्यांनी ऑपरेशन करून आतला वाढलेला भाग काढून टाकला. हळद लावता लावता काकूचा हात छातीवरच्या बारीक व्रणापाशी थांबला. "काय झालं रे हितं?" मी खरं ते सांगितलं. तेवढ्यात आई म्हणाली, "याच्या बापाची छातीपण तशीच हाय. आमच्या हळदीला ह्यांनी शर्ट काय काढला नाय." सगळे वडिलांकडे बघायला लागले. ते लाजले, मग हसले, आणि शर्ट काढून माझ्या शेजारी येऊन बसले. "लावा मलापण," म्हणाले, "तवाची राहिलीय." आईनेच दोन्ही हात भरून त्यांना हळद फासली. लग्नाचे फोटो आमच्याकडे ढीगभर आहेत, पण भिंतीवर आम्हा दोघा पिवळ्याधमक बापलेकांचाच लावलाय.