सालीचा हट्ट

नाताळच्या आठवड्यात मी माझ्या लेकीचा प्रयोग भाजून पाहुण्यांना वाढला.

फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, ओल्या भुशाच्या डब्यात चेस्टनट होते. मला वाटलं, बायकोने सणासाठी ठेवलेत. भुसा कशाला, हा प्रश्न हुशार माणसाला पडला असता. उम्म अल कुवैनहून थोरले दादा जेवायला आले होते, म्हणून मी ते धुतले, चिरा दिल्या, भाजले आणि ऐटीत पुढे ठेवले.

चेस्टनट म्हणजे फणसाच्या आठळीचा परदेशी भाऊबंद. वरची साल निघते, पण आतली पातळ, तुरट साल गराला चिकटून बसते. दादांनी एक दाबला, तर दोन्ही साली एकदम सुटल्या.

"वा! कुठून आणलेस रे?"

तेवढ्यात लेक आली. "डॅड! दोज वेअर माय सीड्स!"

शारजाच्या बाजारातल्या पाकिटांतले एकेक भाजून पाहून तिने सोप्या सालीच्या पाकिटातले रुजायला घातले होते. रुजायला थंडी लागते, आणि आमच्याकडे हिवाळा फक्त फ्रिजमध्ये असतो. सुदैवाने डब्यात मूठभर उरले होते.

रागातच तिने दादांना समजावलं. चेस्टनटच्या काही जातींत हा सालीचा गुण आई आणि बाप दोन्ही झाडांकडून आला तरच दिसतो. एकाकडूनच आला तर लपून राहतो, आणि नातवंडांत अचानक वर येतो. "सो अंकल, चिकट सालीचं झाड लगेच तोडायचं नाही."

"आणि हेच शिकायला ती परदेशी चाललीय," बायको म्हणाली. "विद्यापीठाला उद्यापर्यंत होकार कळवायचाय."

दादांनी ताटली सरकवली. "इंजिनिअरिंग सोडून? बाबा वसईत केळीच्या वाडीत आयुष्यभर वाकले, म्हणून मी गल्फला आलो. तुला व्हिसा काढून आणलं. आता ही परत माती उकरणार?"

दादांपुढे माझं उत्तर ठरलेलं असतं: बरोबर आहे, दादा. तोंडही त्यासाठीच उघडलं होतं.

"बाबांची माती तुमच्या-माझ्यात लपून राहिली, दादा. हिच्यात वर आली."

"डॅड, दॅट्स नॉट हाऊ इट वर्क्स," लेक म्हणाली. "आवड अशी एका जीनने येत नाही."

"नको येऊ दे! तरी तू जाणार. उद्या कशाला, आत्ताच कळव. दादांच्या समोर."

तिने माझ्याकडे पाहिलं, दादांकडे पाहिलं, आणि मोबाईलवर होकार पाठवून दिला.

"खलास," दादा उठले. "यापुढे मला काही विचारू नकोस." गाडीची चावी उचलून निघाले. मी लिफ्टपर्यंत गेलो. बटणही दाबलं, पण "थांबा, दादा" म्हणालो नाही.

परत आलो तर बायको टेबल पुसत होती.

"तासाभराने फोन करा," ती म्हणाली, "नीट पोचले का ते विचारा. माफी मात्र मागायची नाही."