सुमन बोलली ते मी सांगितलं नाही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हालाच का सांगतेय — ठाऊक नाही.

मी साताऱ्यात विशेष मुलांच्या शाळेत सव्वीस वर्षं शिकवलं. निवृत्त झाले, आणि शासनानं बौद्धिक अक्षमतेच्या धोरणावर एक सल्लागार समिती नेमली. धोरण ज्यांच्यासाठी, त्यांच्यातलंही एक माणूस त्यात हवं, असं पहिल्यांदाच ठरलं. ती जागा सुमनला मिळाली — माझी जुनी विद्यार्थिनी, मेढ्याकडची, तिशी उलटलेली. आईवडील गेल्यावर भावानं तिला सांगलीजवळच्या एका निवासी संस्थेत ठेवलं होतं. तिची जीभ जड. सवय नसलेल्याला तिचं बोलणं कळत नसे. मला कळे. म्हणून तिच्या शेजारी माझी खुर्ची. ती बोलणार, मी सगळ्यांना सांगणार — एवढंच माझं काम.

त्याच संस्थेत माझी धाकटी बहीण होती. कुंदा. तीही सुमनसारखीच. आई गेल्यावर मीच तिला तिथं सोडून आले होते. समितीत हे कुणाला माहीत नव्हतं. का नाही सांगितलं मी? कुणी विचारलं नाही म्हणून — निदान स्वतःला तरी मी तसंच समजावलं.

तिसऱ्या बैठकीत प्रश्न निघाला : अशा संस्था वाढवायच्या, की माणसांना आपापल्या गावी राहता यावं म्हणून मदत द्यायची? अध्यक्षांनी आदबीनं विचारलं, "सुमनताई, तुम्हाला तिथं कसं वाटतं?"

सुमननं ओढणी सारखी केली. मग सावकाश, थांबत थांबत बोलली — "मला न्हाई ऱ्हायाचं तितं. दार भाईरनं लावत्यात. रडलं की जेवान देत न्हाईत. कुंदाला बी."

कुंदाला बी.

सगळे माझ्याकडे बघत होते. मला आमच्या दोन खोल्या दिसल्या, कुंदाचं रोजचं ओलं अंथरूण, नवऱ्याचा चेहरा. संस्था बंद झाली तर ती कुठं येणार? माझ्याकडेच ना?

मी म्हणाले, "तिथं बरं वाटतं म्हणते. कुंदा नावाची मैत्रीणसुद्धा आहे तिला."

सगळे कौतुकानं हसले. सुमन बोलताना अडखळायची, पण ऐकलेलं तिला सगळं कळायचं. "न्हाई बाई," ती म्हणाली. "आसं न्हाई." तिनं माझी बाही धरली. मी तिचा हात थोपटला आणि सांगितलं, "दमली आता."

इतिवृत्तात नोंद आहे — सदस्य श्रीमती सुमन यांनी संस्थेबद्दल समाधान व्यक्त केले.

पुढच्या बैठकीत तिला काहीतरी विचारलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बाई सांगत्याल." हे मात्र सगळ्यांना कळलं. त्यानंतर ती आली नाही. मीही तिला आणायला गेले नाही.

वर्षभरात कुंदा तिथंच वारली. कागदावर कारण न्यूमोनिया होतं. मी सही केली. तिला मारलं होतं का, उपाशी ठेवलं होतं का — मी विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती असंही नाही. उत्तर मला आधीच मिळालं होतं.

तिचे कपडे आणायला गेले तेव्हा सुमननंच ते घड्या घालून माझ्या हातात दिले. मी गाडीत बसले. मागं कुणीतरी संस्थेचं दार लावलं, बाहेरून.

सुमन अजून तिथंच आहे. मी परत गेलेले नाही.