निकालाआधीची फेरी

आमच्या सातवीच्या गुरुजींइतका बोलणारा माणूस अख्ख्या इंदापूर तालुक्यात दुसरा झाला नाही, आणि होऊही नये. एवढं बोलणं दोघांचं मिळून तालुक्याला सोसलं नसतं. हजेरी घेताना ते प्रत्येकाच्या म्हशीचीही चौकशी करत, त्यामुळे हजेरी संपली की मधली सुट्टीच व्हायची. नरसिंहपूरच्या सहलीत भीमा कुठली अन् नीरा कुठली हे सांगता सांगता आमची यष्टी निघून गेली, तर हा गृहस्थ पुढची येईपर्यंत तेच सगळं तिथल्या फुलवालीला सांगत बसला! आणि तीही बिचारी हारांची विक्री सोडून ऐकत बसली, ही गुरुजींची जादू.

पण त्यांची खरी कमाल दिसायची एक मेच्या दिवशी. झेंडावंदन झालं की निकालपत्रकं खणात कोंडून ते म्हणायचे, "मार्क मी दिल्यात. आता तुमी बगा, जूनमधी येत न्हवतं आन् आता येतंय, आसं काय हाय? सांगू नगा, दाखवा!" मग सगळा वर्ग वाडीभर फेरीला. कुणी विहिरीत सूर मारी. आमच्या वर्षीची गोष्ट, वर्गातल्या सदाच्या आणि बाळूच्या घरांत बांधावरून वैर. सदा थेट बाळूच्या ओसरीवर गेला आणि पाणी मागून प्याला. शेवटची पाळी गुरुजींची. आदल्या वर्षी त्यांनी सायकल चालवून दाखवली आणि पाटात गेले. पाटातही बोलतच होते.

मी वर्गातली मुकी. वाडीची शाळा सातवीपर्यंतच, आणि "आता बास, खुरपायला चल" असं तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गुरुजींनाही सांगून टाकलं होतं. माझी पाळी आली तशी मी सगळ्यांना आमच्या उसात घेऊन गेले. तात्या दारं धरत, फावड्यानं सरीसरीत पाणी वळवत होते.

"काय गं, पलटण घिऊन आलीस?"

मी गुरुजींकडं पाहिलं, वर्गानंही पाहिलं. आता हे तासभर बोलणार आणि तात्यांना गुंडाळणार, याची सगळ्यांना खात्रीच! गुरुजींचे ओठ हललेसुद्धा. पण त्यांनी झटकन डोक्यावरची टोपी काढली, तिचं टोक दातांत धरलं आणि उभे राहिले. चेहरा लालबुंद झाला, तरी सोडली नाही.

"तात्या," मी म्हटलं, "मला आठवीला जायाचंय. इंदापूरला. जूनपासनं मनात हाय, पन बोलाया येत न्हवतं. आता येतंय."

सरीतलं पाणी फुटून भलतीकडं चाललं तरी तात्यांचं लक्ष नव्हतं.

"गुरुजी, तुमी पढवलंय व्हय हे?"

गुरुजींनी टोपीसकट मान हलवली. नाही.

तात्यांनी फावडं रोवलं. पायानंच पाणी वळवत म्हणाले, "सकाळची यष्टी किती वाजता आसती गं?"

शाळेत परतल्यावर आम्ही ओरडलो, "गुरुजी, आता तुमी!" ते खुर्चीत धपकन बसले. "माजं दाखवून झालं की! औंदा गप ऱ्हायला शिकलो. जीव गेला आसता रं पोरांनो!" आणि मग दुपारपर्यंत बोलत सुटले.

गुरुजी आता नाहीत. मी शिक्षिका झाले, आणि माझ्याही वर्गाची फेरी निघते. एखादं लेकरू आईबापासमोर अडतं, माझ्याकडं बघतं. वाक्य अगदी माझ्या जिभेवर असतं, तेव्हा मी पदराचं टोक दातांत धरते. गुरुजी, खरंच जीव जातो हो.