एमरिससाहेबांनी न घेतलेला कहवा

सौदीत, हाइलच्या गव्हाच्या शेतावर मी पंपाची मोटर खोलून बसलो होतो, तेव्हा नियाबाईंचा मेसेज आला. त्यांचे यजमान, आमचे एमरिससाहेब, सकाळी तिकडे वेल्समध्ये मेंढ्यांच्या गोठ्यातच कोसळले... गेले. ग्रीसने माखलेल्या हातांनीच मी तोंड झाकलं. महिना उलटला, अजून कोणाशी नीट बोलता आलेलं नाही.

साहेब वेल्सचे शेतकरी, पूर्वी इथे आमचे मॅनेजर होते. हट्टी माणूस, पण भाजीत मिरची दिसली की ताट सरकवणारा. आम्ही रत्नागिरीकडचे चौघे मेकॅनिक. बाकीचे मला दादा म्हणत, म्हणून तेही दादाच म्हणू लागले, वयाने मोठे असूनही.

माझी आई शेवटच्या दुखण्यात होती. गव्हाला पाणी द्यायचे दिवस, कफील, म्हणजे आमचा अरब मालक, सुट्टीच्या कागदावर सही करेना. साहेब मला गाडीत घालून थेट त्याच्या बैठकीत घेऊन गेले. कहवा, म्हणजे अरबी कॉफी, आला. साहेबांनी आपला पेला समोर ठेवला आणि त्याला हातही लावला नाही. इथली जुनी रीत अशी की, पाहुण्याने कहवा तसाच ठेवला तर त्याचं काही मागणं आहे असं समजायचं. मला कुठलं ठाऊक? मी माझा पेला संपवला आणि अन्न वाया जाऊ नये म्हणून साहेबांचाही उचलायला गेलो. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. कफील हसला, त्याने काय हवंय ते विचारलं आणि सही केली. मी पोहोचल्यावर आई चार दिवस होती. ते चार दिवस मला साहेबांनी दिले.

पुढे साहेबांचे वडील वारल्यावर ते वेल्सला आपल्या गावी परतले, मेंढ्या सांभाळू लागले, तिथल्या कौन्सिलवर निवडून आले. गावची शाळा बंद होणार म्हणून यंदा खासदारकीला अपक्ष उभे राहिले. फोनवर सांगायचे, घरोघरी चहा समोर येतो, मी म्हणतो आधी तक्रार सांगा, मग पिईन. मी चिडवायचो, मतं मिळोत न मिळोत, थंड चहा मात्र भरपूर मिळेल. शेवटचा फोन आला तेव्हा मी घाईत होतो.

"दादा, दोन मिनिटं बोल. आज फार थकलोय," ते म्हणाले.

मुकादम हाका मारत होता. उद्या करतो म्हणालो. केला नाही... तिसऱ्या दिवशी तो मेसेज आला.

अपक्ष उमेदवार वारला तरी तिकडे मतदान थांबत नाही, त्याचं नाव मतपत्रिकेवर राहतं, त्यापुढे फुली मारून मत देता येतं. मतदान झाल्यावर धीर करून मी नियाबाईंना फोन लावला. न केलेल्या फोनची माफी मागितली.

"मी त्याच्या नावापुढे फुली मारली, दादा," त्या म्हणाल्या. "मग तिथून हलवेचना. नाव छापलेलं होतं ना, तो अजून उभाच आहे असं वाटलं."

पुढे त्या नुसत्या रडत राहिल्या. इकडे मुकादम ओरडत होता, पंप बंद होता. मी फोन कानाला लावून तिथंच मातीत बसलो. त्यांचं रडणं थांबेपर्यंत उठलो नाही.