रेतीच्या वाट्याचा युरिया

बीटी कापूस गावात रुळला त्या सुमाराची गोष्ट. आमचं शेत पूर्णेकाठचं, रेताड. विहिरीची कड दोनदा ढासळली होती. लेक तेव्हा इंजिनिअरिंगला. सुटीत आली ती बाटलीत जंतू घेऊन. शेतातली रेती तिनं चार पाइपांत भरली, त्यात जंतू सोडले आणि म्हणाली, हे युरिया खातात. सोबत एक पांढरा क्षार दिला की दाण्यादाण्यात चुना धरतो, रेती दगडासारखी होते. जमलं तर विहिरीची कड अशीच बांधायची.

मी तेव्हा स्वतःला फार शहाणी समजे. शेजारणींना बोलावून दाखवलं, "पाहा वं, लोकाइच्या पोरी मायले नातू दाखवतात, माही जंतू पोसून राह्यली!"

"हास तू," लेक म्हणाली. "पण मी परीक्षेले गेली का रोज सकाळी पाणी टाकजो. युरिया अन् क्षार, दोन्ही कालवून."

"तुह्या जंतूइले चहा नाई लागत का?"

ती गेली आणि पऱ्हाटीवर, म्हणजे उभ्या कापसावर, लाल्या रोग आला. पानं लालभडक. दुकानात युरिया मिळेना, अन् घरात जंतूंच्या डब्यात पाच किलो! माझ्यासारख्या अकलेच्या कांद्यानं तो पंपात कालवून पऱ्हाटीवर फवारला. पाइपांत नुसतं क्षाराचं पाणी टाकत राहिले. जंतू युरिया खात तोवर पाइपांना गोठ्यासारखा उग्र वास यायचा, तो थांबला म्हणून वर खूश.

लेक परतली. पाइपाला नाक लावून म्हणाली, "माय, वास काऊन नाई?"

"हवेशीर ठेवले ना."

तिनं पाइप चिरला. रेती भुरभुर खाली पडली. ती तिथंच बसली, मुठीत रेती घेत, सोडत. मी चुलीपाशी भाकरी थापत राहिले.

त्याच पावसाळ्यात कड तिसऱ्यांदा बसली. तिच्या बाबांनी विहीर बुजवली. पोरीला एका शब्दानं बोलले नाहीत. आज ते नाहीत. तिनंही जंतूंचं नाव पुन्हा काढलं नाही.

परवा तिच्या मुलीनं त्या प्रयोगाचं विचारलं. लेक म्हणाली, "नाही जमलं गं. माझाच अभ्यास कमी पडला."

इतकी वर्षं गिळलेलं मग मला गिळवेना. सगळं सांगून टाकलं.

लेकीनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, "पऱ्हाटी तरी सुधरली होती का, माय?"

"नाई वं," मी म्हटलं.