तपासणीच्या दिवशी बुडालेली चाचणी

शाळेतून निवृत्त झाल्यावर मला बालगृहांची तपासणी करणाऱ्या समितीवर घेतलं, तेव्हा कांदिवलीच्या आमच्या सोसायटीत सगळ्यांनी अभिनंदन केलं. मलाही बरं वाटलं. मुलांचं आपल्याला कळतं, असा भरवसा होता.

मुलुंडच्या एका मुलींच्या बालगृहात आम्ही पहिल्यांदा गेलो, तो शाळेचा वार होता. तरी सगळ्या मुली हजर होत्या. त्यांनी स्वागतगीत म्हटलं, कोळीनृत्य केलं, आम्हाला गुलाब दिले. आम्ही टाळ्या वाजवल्या आणि स्वयंपाकघर, संडास, झोपायची खोली बघत फिरलो. गाद्या नव्या होत्या, नळाला पाणी होतं.

जिन्यात सातवीतली एक मुलगी एकटीच बसली होती. नाचाची साडी अजून अंगावर, मांडीवर गणिताचं पुस्तक. मी शेजारी बसले आणि विचारलं, "इथे काही त्रास आहे का गं?"

"नाही."

"मग तोंड का पाडलंयस?"

तिने पुस्तक मिटलं. "तुम्ही परत कधी येणार?"

मला वाटलं, हिला माझा लळा लागला. "येईन ना, लवकरच."

"चाचणी नसेल तेव्हा या. आज माझी गणिताची होती. नाच होता म्हणून कोणाला शाळेत सोडलं नाही."

मुलं गैरहजर राहिली की पालकांना बोलावून झापण्यात माझी सगळी नोकरी सरली. आणि इथे माझ्यासाठी घरभर मुलींची शाळा बुडाली होती. त्या समोर नाचत होत्या तेव्हा, या आत्ता वर्गात असायला हव्यात, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

अधीक्षिकांना विचारलं. त्या म्हणाल्या, "मॅडम, मुली दिसल्या नाहीत तर आधीच्या समितीतले लोक रागवायचे." त्यांचंही खोटं नव्हतं. मी समितीत भांडून ठरवून घेतलं: भेट शाळा सुटल्यावर, न कळवता, आणि स्वागत बंद. एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं.

पण मला त्या मुलीचं नुकसान भरून द्यायचं होतं. मी तिच्या शाळेत गेले. वर्गशिक्षिकेला दारात बोलावलं, मी कोण ते हळू आवाजात सांगितलं आणि तिची चाचणी पुन्हा घ्याल का, असं विचारलं.

"कोण, ती बालगृहातली?" बाई वर्गाकडे बघत मोठ्यांदा म्हणाल्या. "घेऊ की."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. ती वहीत बघत बसली.

संध्याकाळी मी तिला भेटायला गेले. ती वाळलेले कपडे घडी करत होती.

"मी मावशीकडे राहते असं सांगितलं होतं वर्गात," ती म्हणाली.

"मला माहीत नव्हतं गं."

"मला विचारायचं ना मॅडम. तुम्हीच मावशी आहात म्हणून सांगितलं असतंत, तरी चाललं असतं."

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"ठीक आहे," ती म्हणाली. मोठ्या माणसाने आता जावं म्हणून म्हणतात, तसं. मी उठले.

चाचणी झाली, मार्कही चांगले पडले. मधल्या सुट्टीत मात्र ती एकटी बसायला लागली, हे अधीक्षिकांकडून कळलं. पुढच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं. मुलीबद्दल बाहेर कुठे बोलायचं तर आधी तिची परवानगी घ्यायची, असा नियम आम्ही केला. "चांगला मुद्दा काढलात," शेजारचे सदस्य म्हणाले. मला त्यांच्याकडे बघवेना.

वर्ष संपल्यावर तिने शाळा बदलून मागितली. "तुम्ही शिक्षिका, नाव घालायला चला ना बरोबर," अधीक्षिका मला फोनवर म्हणाल्या.

"तिला विचारा आधी."

त्यांनी विचारलं. ती नको म्हणाली. अधीक्षिका एकट्याच तिला घेऊन गेल्या.